फडक्याचं चौथं टोक

येडशीत गुरुसिद्धप्पांना आडनावानं कुणी ओळखत नव्हतं. 'मालामागचे अप्पा' म्हटलं की शेंबड्या पोरानंही त्यांचं घर दाखवलं असतं. नाव कामावरून पडलं होतं, पण काम नक्की कोणतं हे विचारलं तर सांगणारा अडायचा. अप्पा हमाल नव्हते, गाडीवान नव्हते, कारकून तर नव्हतेच. माल इथून निघाला की तो पोचेपर्यंत कुठं आहे हे ठाऊक असणं, एवढंच त्यांचं काम होतं. लढाईच्या दिवसांत ह्या कामानं माणसाची झोप उडायची.

मी तेव्हा येडशी स्टेशनात मालबाबू होतो. माझं नाव राघवेंद्र, पण स्टेशनात ते कुणी वापरलं नाही. नोकरी मोठी मजेची होती. स्टेशन निजामाच्या मुलखात, पुढची बार्शी इंग्रजांच्या, आणि मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. नाक्यावरचा अंमलदार उर्दूत विचारणार, वरून येणारी तार इंग्रजीत ओरडणार, आणि गाडीवान माझ्याशी मराठीत भांडणार. तिघांचंही म्हणणं एकच असायचं की चूक बाबूची आहे. मी तापट माणूस, ऐकून घ्यायचो नाही. त्यामुळे माझी बढतीही झाली नाही, ते एक असो.

माल म्हणजे गवत. हसू नका. बालाघाटाच्या डोंगरावरचं गवत दिवाळीनंतर कापायचं, लाकडी यंत्रात दाबून त्याचे गठ्ठे बांधायचे आणि फौजेला पाठवायचे. ब्रह्मदेशाच्या डोंगरात मोटार चालत नाही, तिथं सगळं खेचरांच्या पाठीवर जातं, आणि खेचराला खायला लागतं. कळंबच्या महांतप्पा शेठनी ह्या गवताचा ठेका घेतला होता. वाशीकडून, कळंबकडून बैलगाड्यांच्या रांगा येडशीला यायच्या. इथं गठ्ठे छोट्या गाडीत चढायचे. कुर्डुवाडीला छोट्या गाडीचे रूळ संपतात, म्हणून तिथं सगळं उतरवून मोठ्या गाडीत भरायचं. मोठी गाडी मुंबईच्या गोदीत न्यायची आणि तिथून बोट.

एका गठ्ठ्यानं एवढी वाहनं बदलायची म्हटल्यावर तो कुठंतरी राहणारच. कुर्डुवाडीच्या फलाटावर सगळ्या मुलखाचा मिलिटरी माल पडलेला असायचा. तंबू, पिंपं, डबे, घोंगड्या आणि त्यात आमचं गवत. मग तार यायची, 'माल कुठे?' माझ्याजवळ पावती असायची. पावती खोटं बोलत नसे, पण ती एवढंच सांगायची की माल इथून निघाला. पुढचं अप्पांना विचारायचं. अप्पा सहसा बसल्या जागी सांगायचे, क्वचित स्वतः जाऊन बघून यायचे. जाताना चिडलेले नसायचे, येताना खूश नसायचे.

बसल्या जागी त्यांना कळायचं ते त्यांच्या बायकोमुळं, सिद्धम्मामुळं.

हे घर लिंगायत, आणि त्यांच्यात दासोह मोठा. आलेल्याला जेवू घातल्याशिवाय पाठवायचं नाही. सिद्धम्माचं म्हणणं असं की ज्यानं आपला माल खांद्यावर उचलला तो आपल्या घरी जेवला पाहिजे. आता कुर्डुवाडीचा हमाल येडशीला जेवायला कसा येणार? म्हणून तिनं जेवणच मालाबरोबर धाडायला सुरुवात केली. ज्वारीची कडक भाकरी, पापडासारखी वाळलेली, महिना दोन महिने राहिली तरी बिघडत नाही, आणि बरोबर शेंगाचटणी. तांबड्या कावेत रंगवलेलं मांजरपाटाचं फडकं घ्यायचं, त्यात शिदोरी ठेवून तोंड सुतळीनं आवळायचं आणि चारी टोकं मोकळी सोडायची. प्रत्येक खेपेला एक शिदोरी, सगळ्यात वरच्या गठ्ठ्यात खोचलेली.

रीत हळूहळू बसत गेली. गाडीवानांनी आपल्या वाटणीचं खायचं आणि फडक्याच्या एका टोकाला गाठ मारायची. येडशीच्या हमालांनी दुसऱ्या टोकाला, कुर्डुवाडीच्यांनी तिसऱ्याला, आणि मुंबईच्या गोदीत शेवटचा तुकडा खाणाऱ्यानं चौथ्याला. मग रिकामं फडकं इकडं येणाऱ्या कुणाच्याही हाती द्यायचं. मोठ्या गाडीतला फायरमन ते कुर्डुवाडीला टाकायचा, छोट्या गाडीचा गार्ड माझ्या टेबलावर आणून टाकायचा. चार गाठी असल्या की माल बोटीवर चढला. फडकं आलंच नाही तर अप्पा कुर्डुवाडीला जाऊन हमालांना विचारायचे, 'भाकरीचा माल कुठं बघितला?' पावतीचा नंबर कुणाच्या लक्षात राहत नाही, भाकरी राहते. बोट दाखवलं जायचं आणि पिंपांच्या मागं आमचे गठ्ठे निघायचे.

आलेल्या फडक्याच्या गाठी फक्त सिद्धम्मा सोडायची. दुसऱ्या कुणी सोडलेलं तिला चालत नसे. सोडायची, धुवायची, वळणीवर टाकायची. त्यांच्या दारात कावेच्या रंगाची फडकी कायम वाळत असायची.

त्यांना एकच मुलगा, कल्याणप्पा. उंच, बोलका, बापाच्या अगदी उलट. एकदा अप्पा तापानं पडले तेव्हा तोच मालामागं मुंबईला गेला. तिथं त्यानं गोदीत खेचरं बोटीवर चढवताना बघितली. पोटाखालून पट्टा घालून यारीनं उचलतात, आणि खेचर अधांतरी पाय हलवत राहतं. परत आल्यावर महिनाभर त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. बैलाला कळत नाही ते खेचराला कळतं, म्हणायचा. एक दिवस सोलापूरला जाऊन तो खेचरांच्या पलटणीत नाव घालून आला. अप्पा रागावले असतील, पण रागावलेले अप्पा आणि साधे अप्पा ह्यांतला फरक ओळखायला वेगळे डोळे लागत. ते मला एवढंच म्हणाले की माल तिकडं जातो ते ठीक आहे, माणूस कशाला जायचा.

तो निघाला त्या सकाळी गवताची खेप भरायची होती म्हणून अप्पा आधीच स्टेशनात होते. पोराला आईनं एकटीनं उंबऱ्यातून वाटेला लावलं. तो आला तेव्हा काखेत शिदोरीचं फडकं होतं. अप्पा गठ्ठ्यांवर दोर टाकत होते. गाडीनं शिटी दिली तेव्हा दोर सोडून जवळ आले आणि म्हणाले, "पोचलं की फडकं धाड." कल्याण हसला आणि व्हय म्हणाला. माझ्यासमोर त्यानं फडक्याच्या एका टोकाला गाठ मारली. येडशीची, म्हणाला. मीही हसलो.

त्याची दोन-तीन पत्रं आली. गावाचं नाव असेल तिथं काळं फासलेलं. पुढं उन्हाळ्यात तार आली. इंग्रजी तार वाचणारा गावात मी एकटा, म्हणून ती मीच फोडायची. तशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. कल्याणप्पा बेपत्ता आहे, असं तारेत होतं.

अप्पांनी विचारलं, बेपत्ता म्हणजे काय. मी म्हणालो, त्याचा पत्ता लागत नाही.

"लागत न्हाय, का कुणी लावत न्हाय?" अप्पा म्हणाले.

पत्ता लावणं हा त्या माणसाचा धंदा होता. ते तसेच उठून मालधक्क्यावर गेले आणि अर्धवट राहिलेली वाघीण भरून घेतली.

त्या दिवसापासून अप्पांचं काहीतरी थिजलं. रडले नाहीत, देवाला बोल लावला नाही, शेठला सुट्टी मागितली नाही. बोललं तर बोलायचे, वाढलं तर जेवायचे. मी काही विचारलं तर मालाबद्दलच बोलायचे. असल्या माणसाजवळ बसलं की आपल्यालाही काही वाटेनासं होतं. मी स्टेशनात सगळ्यांवर ओरडत असे, पण त्या दिवसांत मलाही ओरडावंसं वाटेना.

श्रावणात गार्डानं माझ्या टेबलावर एक फडकं टाकलं. पावसाळ्यात गवताची खेप नसते, म्हणून मी चमकून पाहिलं. कावेचा रंग पार उडालेला, ठिकठिकाणी तेलाचे आणि चिखलाचे डाग. ते कल्याणचं होतं. तीन टोकांना गाठी होत्या. चौथं टोक मोकळं आणि विरलेलं होतं.

मी ते घेऊन अप्पांच्या घरी धावलो. त्यांनी फडकं मांडीवर पसरलं आणि प्रत्येक गाठीवरून अंगठा फिरवला. येडशी, कुर्डुवाडी, मुंबई. मग मोकळं टोक हातात धरून बसले. बोलले तेव्हा तारेनंतर पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जीव होता.

"पोचल्याची चौथी न्हाय, बाबू. पोचला न्हाय अजून. कुठंतरी अडकलाय."

मला ते पटलं. खरं सांगतो, अगदी पटलं. एवढी वर्षं त्या गाठी मी बघत होतो आणि त्यांनी मला कधी फसवलं नव्हतं. तीन गाठींचा माल हरवलेला नसतो, वाटेवर असतो, हे येडशीच्या स्टेशनात कुणीही सांगितलं असतं.

सिद्धम्मा आतून आली. तिनं फडकं घेतलं, चौथं टोक बोटांनी चाचपलं आणि आत गेली. फडकं तिनं धुतलं नाही, गाठी सोडल्या नाहीत. चुलीजवळच्या खुंटीला ते तसंच अडकवून ठेवलं. मला वाटलं, बाईचं काळीज दगडाचं आहे. आळीतल्या बायकाही पुढं तेच बोलायला लागल्या.

अप्पांनी मग उलटा तपास सुरू केला. हरवलेला गठ्ठा शोधताना ते जिथून निघाला तिथून पुढं जायचे. इथं फडकं आलेलं होतं, म्हणून ते आलं त्या वाटेनं मागं जायचं ठरलं. ते त्यांनी मला सरळ आवाजात सांगितलं, गठ्ठ्याबद्दल सांगावं तसं.

पहिला मुक्काम कुर्डुवाडी. तिथल्या हमालांच्या जमादारानं सांगितलं की रजेवर निघालेल्या शिपायांची गाडी आली होती, ती जेमतेम थांबली, आणि खिडकीतून एका शिपायानं फडकं त्याच्या अंगावर टाकलं. हात गळ्यात बांधलेला होता. येडशीच्या भाकरीवाल्यांना द्या, एवढंच तो ओरडला. बोलण्यावरून सोलापूरचा वाटला.

सोलापूर म्हणजे काही पाच-पन्नास घरांचं गाव नव्हे. अप्पा जमेल तेव्हा जायचे, कारण गवताचं काम सुटलेलं नव्हतं. गिरणी सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभे राहायचे आणि हाताला इजा झालेला माणूस दिसला की विचारायचे. परत आले की स्टेशनात माझ्यासमोर बाकावर बसायचे. न्हाय, म्हणायचे. मी पाणी द्यायचो. पुढच्या खेपेला सिद्धम्मा पुन्हा शिदोरी बांधून द्यायची. काय कळलं, हे तिनं त्यांना एकदाही विचारलं नाही. मला तिचा राग यायचा. हा माणूस पोरासाठी वणवण करतोय आणि ही बाई भाकऱ्या थापण्यापलीकडं काही करत नाही, हे मी माझ्या बायकोजवळ, विमलजवळ, बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, तुम्हाला काय कळतंय. बायका असं म्हणतात तेव्हा पुढं काही सांगत नाहीत.

लढाई संपली. फौजेला गवत नको झालं, यंत्रं गंजायला लागली. महांतप्पा शेठनी अप्पांना गुदामावर ठेवून घेतलं, पण मागं जायला माल उरला नव्हता. आता ते फक्त त्या एका फडक्याच्या मागं होते.

आणि मग सोलापूरचा माणूस सापडला. एका गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम, झाला होता. त्यानं सांगितलं की आसामातल्या मिलिटरी इस्पितळात शेजारच्या खाटेवर तापानं फणफणलेला एक शिपाई होता, वाशीचा, दस्तगीर नावाचा. ह्याला रजा मिळाल्यावर दस्तगीरनं हे फडकं ह्याच्याजवळ दिलं. निरोप काय द्यायचा असं ह्यानं विचारलं, तर दस्तगीर म्हणाला, निरोप नको, घरच्यांना फडकं बघून कळेल.

अप्पा हे सांगत होते तेव्हा मी त्यांच्याकडं बघत राहिलो. वाशी आमच्याच बाजूला. गवताच्या गाड्या वर्षानुवर्षं तिथून येत होत्या. हा माणूस सोलापूरच्या गिरण्यांच्या फाटकाबाहेर उभा राहत होता आणि ज्याला शोधायचं तो आमच्याच मुलखात येऊन राहिला होता. मला हसू आलं असतं, पण आलं नाही.

संध्याकाळी सिद्धम्मा आमच्या दारात आली. ती कधी कुणाकडं जात नसे. विमलनं पाट मांडला, पण बसली नाही. मला म्हणाली, "बाबू, ह्या खेपंला तुमी संगं जावा. त्यांना एकटं धाडू नका." मी व्हय म्हणालो. मला वाटलं, शेवटी आईला काळजी वाटली.

वाशीला बैलगाडीनं गेलो. वाटेत अप्पा एकदाच म्हणाले की पोरगा तिकडं कुठं कैदेत असंल, आता सगळ्यांना सोडतायत म्हणं. मी म्हणालो, असेल.

दस्तगीरचं घर बाजाराच्या मागं होतं. तिशीच्या आतला माणूस, गालाची हाडं वर आलेली. दारात खेचराच्या मापाचं खोगीर उन्हाला टाकलेलं होतं. त्याला आता काय उपयोग, कोण जाणे. अप्पांनी नाव सांगितलं तसं त्यानं खोगीर बाजूला सारून वाट केली. आम्हाला आत बसवलं, चहा आणायला सांगितला, आणि मान खाली घालून बसला.

अप्पांनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "फडकं तुमच्या हातून निघालं. त्याच्या आधी कुठं व्हतं?"

दस्तगीरनं मान वर केली. अप्पांना खरंच काही ठाऊक नाही हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं असावं. तो माझ्याकडं बघायला लागला. मी काय करणार. मग त्यानं सांगितलं. डोंगरात खेचरांची रांग चालली होती, वरून विमान आलं. कल्याणला पोटात लागलं. झाडाखाली नेऊन ठेवला, दुपारपर्यंत होता. पाणी मागत होता, खेचराला मोकळं सोडा म्हणत होता. रांगेतले बाकीचे पांगले, साहेबही गेला, म्हणून कागदावर कुणी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दस्तगीरलाही ताप चढला आणि पुढचं त्याला इस्पितळात कळलं.

"टोकात अव्वानं विभूत बांधलीय म्हणायचा," दस्तगीर म्हणाला. "सकाळी तोंड धुतलं की ते टोक नाकाला लावायचा. गाठ सोडायचा न्हाय. अव्वाच सोडंल म्हणायचा. आमच्या शेजारी तुमच्यातलंच घर हाय अप्पा, लहानपणापासून बघतोय म्या. बसवून मूठमाती देतात, कपाळाला विभूत लावतात. तिथं दुसरं कोण व्हतं? म्याच गाठ सोडली. म्याच लावली. गळ्यातलं लिंग तसंच ठिवलं. तुमच्या देवाचं नाव मला जेवढं येत व्हतं तेवढं घेतलं."

अप्पा ऐकत होते. चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

दस्तगीर पुढं म्हणाला की अशी बातमी परक्याच्या तोंडून जाऊ नये असं त्याला वाटलं. टोक मोकळं बघितलं की घरच्यांना कळेल, असं धरून चालला. बरा होऊन गावी आल्यावर येडशीला येऊन भेटायचं दहादा ठरवलं, पण कल्याणच्या आईसमोर उभं राहायची छाती झाली नाही. सांगताना तो रडायला लागला. त्याची म्हातारी आतून येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. चहा तसाच निवला.

ज्या टोकावर एवढे दिवस आशा टांगली होती, ते मोकळं टोक म्हणजेच पोर गेल्याची खूण होती. गाठी मोजायची सवय असलेल्या माणसाला ती दिसली नाही, आणि त्याच्याबरोबर मलाही नाही. परतीच्या वाटेवर गाडीवान बैलांशी बोलत होता आणि मी त्याचे शब्द ऐकत होतो, कारण दुसरं काही ऐकण्यासारखं नव्हतं. मला दुःख होत नव्हतं. ते पुढं आठवड्यांनी झालं, टेबलावर पावती फाडता फाडता.

येडशीला पोचलो तेव्हा दिवस उतरायला आला होता. अप्पा ओट्यावर बसले. सिद्धम्मा तांब्या घेऊन बाहेर आली. ते तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"कपाळाला कुणी लावली?"

मग मीच सांगितलं की वाशीच्या दस्तगीरनं लावली, शेवटपर्यंत तोच जवळ होता, आणि बसवून मूठमाती दिली. तिनं मान हलवली. तांब्या खाली ठेवला. एवढंच तिला हवं होतं, आणि तेवढंच विचारायला तिला कुणी नव्हतं.

"तुला ठावं व्हतं?" अप्पांनी विचारलं.

"उंबऱ्यात म्याच बांधली व्हती. टोक मोकळं बघितलं तवाच कळलं."

"मग मला एवढं हिंडू का दिलंस?"

सिद्धम्मा त्यांच्या पायाशी बसली. "तुमी बसला असता," ती म्हणाली. "पोरगं तर गेलंच व्हतं. तुमी बसला असता तर तुमाला म्या कुठं हुडकायला जायाचं?"

त्यावर अप्पा रडले. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी तिथून निघायला हवं होतं, पण पाय निघाला नाही. ज्या बाईला मी दगडाची म्हणत होतो, ती एवढा काळ पोराचं मरण एकटीच्या पदरात बांधून भाकऱ्या भाजत होती. नवऱ्याला चालत ठेवायला तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खुंटीवरचं फडकं काढलं आणि तिन्ही गाठी सोडल्या. मुंबईची गाठ घट्ट बसली होती, ती दातानं सोडवावी लागली. फडकं धुतलं, वाळवलं. मग चुलीसमोर बसून कडक भाकऱ्या केल्या, चटणी कुटली, सगळं त्याच फडक्यात ठेवून सुतळी आवळली आणि अप्पांच्या हातात दिलं. वाशीला जाणाऱ्या गाडीबरोबर धाडा, म्हणाली. ज्यानं उचललं तो आपल्या घरी जेवला पाहिजे.

अप्पा ते घेऊन स्टेशनात आले. वाशीची गाडी मीच बघून दिली.

पंधरवड्यानं एक गाडीवान रिकामं फडकं माझ्या टेबलावर टाकून गेला. तीन टोकं मोकळी होती. विरलेल्या चौथ्या टोकाला दस्तगीरनं गाठ मारली होती. मी ते अप्पांकडं दिलं, अप्पांनी सिद्धम्माकडं. तिनं ते पुन्हा खुंटीला लावलं. पुढं दोन वर्षांनी सोलापूरकडून फौजेच्या मोटारी आल्या, निजामाचं राज्य गेलं, करोडगिरीचा नाका उठला, माझी बदली झाली. निघताना निरोप घ्यायला गेलो तेव्हा फडकं तिथंच होतं. ती गाठ तिनं सोडली नव्हती.